ओल भिंतीची, दुखणे घरातल्यांचे

गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. भिंतींवर ओलीचे डाग उमटणे, कपाटातील कपड्यांना कुबट वास येणे, चामड्याच्या वस्तूंवर बुरशी चढणे हे या काळातील घरोघरचे दृश्य. नेहमीचेच म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. मात्र घरातील ओल हा आरोग्याचा आणि सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

ओल घरात तीन वाटांनी शिरते: छपरातून झिरपून, बाहेरील भिंतीच्या भेगांतून आणि जमिनीतून भिंतीत वर चढून. चौथी वाट घरातलीच आहे. स्वयंपाकाची वाफ, आंघोळीचे पाणी, आत वाळत घातलेले कपडे आणि माणसांचा श्वास यांमुळेही हवेत बाष्प साठते. म्हणूनच एकाच खिडकीच्या खोलीत पाच-सहा जण राहत असतील, तर छप्पर न गळताही भिंती ओलावतात. अशा कोंदट, दाटीच्या खोलीत क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांचा धोकाही वाढतो.

सतत ओल्या राहणाऱ्या भिंतीवर बुरशी वाढते आणि तिचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे शरीरात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओल व बुरशी यांचा संबंध श्वसनाच्या तक्रारी, ॲलर्जी आणि दमा यांच्याशी आहे. बुरशीची अमुक मर्यादा सुरक्षित, असे सांगता येत नाही. म्हणून ओल होऊ न देणे हाच उपाय, असेही त्यांत स्पष्ट केले आहे. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्रास अधिक होतो.

ओलीचा दुसरा परिणाम इमारतीवर होतो. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी आतील लोखंडी सळ्यांना गंज चढवते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला तडे जातात आणि छताचे पोपडे खाली कोसळतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या जुन्या भिंतींत पाणी मुरत राहिले, तर सांधे सुटतात व भिंत ढासळू शकते. ओल्या भिंतीतील जुन्या वायरिंगमुळे विजेचा धक्का बसण्याची भीती असते; ३० मिलिअँपिअर क्षमतेचा गळतीरोधक स्विच अशा वेळी वीजप्रवाह क्षणात तोडतो.

पूर्वीच्या घरांना या पावसाची जाण होती. उंच जोते, उतरते कौलारू छप्पर, भिंतीपासून लांब पडणाऱ्या पागोळ्या आणि हवा खेळवणारे राजांगण यांमुळे पाणी दूर राहत असे. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर टाकू देत असे. अशा भिंतींवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला, की ओल आतच अडकते.

चवथीच्या तोंडावर घर रंगवण्याची प्रथा आहे. तेव्हा पाऊस चालू असतो आणि भिंती सुकलेल्या नसतात. त्यावर दिलेला रंग डाग झाकतो, ओल नव्हे. काही आठवड्यांत पोपडे सुटून काळे ठिपके पुन्हा दिसतात. खरी दुरुस्ती उन्हाळ्यातच व्हावी लागते. पावसापूर्वी कौले परतणे, गच्चीचा उतार व पन्हळी साफ करणे, बाहेरील भेगा बुजवणे ही कामे आधी करावीत आणि भिंत पूर्ण सुकल्यावरच रंग द्यावा. पावसाळ्यातही उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात.

भाड्याच्या खोल्यांत मात्र गच्ची आणि बाहेरील भिंत राहणाऱ्याच्या हाती नसते. दुरुस्तीचा निर्णय मालकाचा, औषधाचा खर्च भाडेकरूचा, अशी ही विभागणी असते. अनेक वारसांच्या जुन्या घरातही खर्च कोणी करायचा, यावरच दुरुस्ती अडते. पाणी त्या निर्णयाची वाट पाहत नाही.