मरक्कवी

मल्याळममध्ये झाडाला ‘मरम्’ म्हणतात. माझ्या मराठी कानाला त्यात पहिल्यांदा ‘मरण’च ऐकू आलं. पुढे ‘मरक्कवी’ हा शब्द कळला. १९८०च्या सुमारास केरळात काही कवींना हिणवायला तो वापरला जाई: झाडांचे कवी, दुसरं काम नसलेले.

वाद सायलेंट व्हॅलीचा होता. पालक्काड जिल्ह्यातल्या या खोऱ्यात कुंतिपुळा नदीवर वीज मंडळाला धरण बांधायचं होतं. १९७३मध्ये योजना आयोगाची मंजुरीही मिळाली. सुमारे ८३० हेक्टर क्षेत्र पाण्याखाली जाणार होतं, आणि त्यात सिंहासारख्या शेपटीच्या दुर्मीळ वानरांचं जंगल होतं. पण मलबारला वीज हवी होती, तरुणांना काम हवं होतं. धरण मागणारी माणसं खलनायक नव्हती, हे विसरून हा इतिहास सांगता येत नाही.

सुगतकुमारी, ओ.एन.व्ही. कुरूप, अय्यप्प पणिक्कर यांनी जंगलाची बाजू घेतली. सुगतकुमारींची ‘मरत्तिन्नु स्तुति’ ही कविता निषेधसभांच्या सुरुवातीला प्रार्थनेसारखी म्हटली जाऊ लागली. १९८३मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला, १९८४मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

‘कवितेनं जंगल वाचवलं’ असं आपण लिहिणारी माणसं हौसेनं सांगतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. मलबारची विजेची गरज दुसऱ्या मार्गांनी कशी भागेल, याचा हिशेब केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या अभ्यासकांनी मांडला होता. शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी तो गावोगाव नेला. स्वतः सुगतकुमारी प्रकृती संरक्षण समितीच्या सचिव होत्या. सभा, निवेदनं, पत्रव्यवहार हेही त्यांचंच काम होतं. मात्र ज्या जंगलाला हिशेबात ‘बुडीत क्षेत्र’ एवढंच नाव होतं, त्याच्यापुढे हात जोडायला लोकांना कवितेनंच शिकवलं. हिशेब आणि स्तुती एकाच मांडवात होती, म्हणून दोन्हींना बळ आलं.

हल्ली पर्यावरणावर विशेषांक निघतात. मीही त्यांत लिहिते. वाळलेल्या नदीवरची माझी एक कविता तीन ठिकाणी छापून आली, वाचकांची पत्रंही आली. पण त्या नदीकाठी वाळूउपशाविरुद्ध सभा झाली, तेव्हा मी गेले नव्हते. मला अजून कोणी मरक्कवी म्हणून हिणवलेलं नाही. त्यात समाधान मानावं असं मला आता वाटत नाही.