नॉर्मंडी की क्वीन मेरी?

सुट्टीसाठी क्रूझ बुक करायची म्हटलं की माणूस आधी तक्ता मांडतो. (निदान माझ्यासारखा, दिवसभर संगणकासमोर बसणारा तरी.) एका रकान्यात पहिलं जहाज, दुसऱ्यात दुसरं. टनेज किती, लांबी किती, प्रवासी किती, पोहण्याचे तलाव किती. जिथे आकडा मोठा तिथे बरोबरची खूण. आमच्याकडेही सध्या असा एक तक्ता तयार होतोय, आणि त्या निमित्ताने गेले दोन-तीन वीकांत मी जहाजांबद्दल वाचत बसलोय. वाचता वाचता लक्षात आलं की हा तक्ता मांडण्याचा खेळ १९३० च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर अगदी रंगात आला होता. तेव्हाची दोन जहाजं होती फ्रान्सची 'नॉर्मंडी' आणि ब्रिटनची 'क्वीन मेरी'.

एक खुलासा आधीच करतो. या दोन्ही बोटी आजच्या अर्थाने क्रूझ जहाजं नव्हत्या. विमानं अटलांटिक ओलांडून प्रवासी नेऊ लागण्यापूर्वी युरोपातून न्यूयॉर्कला जायचं तर बोटीशिवाय पर्याय नव्हता, आणि या बोटी त्या मार्गावर वेळापत्रकाप्रमाणे धावत. पण त्यांच्यातली निवड मात्र अगदी आजच्यासारखीच व्हायची: जाहिराती पाहून, आकडे पाहून आणि खिसा पाहून.

आता तक्त्यातली पहिली ओळ घेऊ. टनेज.

नॉर्मंडी मे १९३५ मध्ये पहिल्या सफरीवर निघाली तेव्हा तिचं टनेज होतं ७९,२८०. जगातली सगळ्यात मोठी प्रवासी बोट! वर्षभराने, मे १९३६ मध्ये, क्वीन मेरी निघाली. तिचं टनेज ८०,७७४. म्हणजे पहिला नंबर गेला. फ्रेंचांनी काय करावं? त्यांनी नॉर्मंडीच्या मागच्या बाजूला डेकवर टूरिस्ट वर्गासाठी एक बंदिस्त दिवाणखाना बांधला आणि टनेज नेलं ८३,४२३ वर. पहिला नंबर परत!

हे शक्य कसं झालं? तर जहाजाचं हे टनेज म्हणजे वजन नव्हेच. 'ग्रॉस रजिस्टर टन' हे आकारमानाचं माप आहे. शंभर घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. उघड्या डेकवर भिंती आणि छप्पर घातलं की टनेज वाढतं. आपल्याकडे गॅलरी बंद करून फ्लॅटचा 'कार्पेट एरिया' वाढवतात ना, तसंच काहीसं. आमच्या धंद्यातही हे नेहमी चालतं. ज्या आकड्यावर स्पर्धा होते तो आकडा वाढवायचा, मग मूळ वस्तू सुधारो न सुधारो.

दुसरी ओळ वेगाची. अटलांटिक सगळ्यात वेगाने ओलांडणाऱ्या बोटीला 'ब्लू रिबंड' हा मान मिळे. नॉर्मंडीने तो पहिल्याच सफरीत पटकावला. ऑगस्ट १९३६ मध्ये क्वीन मेरीने तो हिसकावला, १९३७ मध्ये नॉर्मंडीने परत घेतला आणि १९३८ मध्ये क्वीन मेरीने पुन्हा मिळवला. मग १९५२ मध्ये 'युनायटेड स्टेट्स' ही अमेरिकन बोट येईपर्यंत तो तिच्याकडेच राहिला. ऐकायला हे फार थरारक वाटतं. पण पश्चिमेकडे जाताना नॉर्मंडीचा सर्वोत्तम सरासरी वेग होता ३०.५८ नॉट आणि क्वीन मेरीचा ३०.९९. चार दिवसांच्या प्रवासात फरक पडला साधारण सव्वा तासाचा. न्यूयॉर्कला उतरल्यावर कस्टम्सच्या रांगेत तेवढा वेळ सहज जात असेल!

खरी गंमत तक्त्यात न दिसणाऱ्या गोष्टींत होती. नॉर्मंडीचा सांगाडा व्लादिमीर युर्केविच या रशियन अभियंत्याने आखला होता. क्रांतीपूर्वी तो झारच्या नौदलासाठी जहाजं आखायचा, पुढे निर्वासित म्हणून फ्रान्सला आला. त्याने नॉर्मंडीच्या नाळेखाली, पाण्याच्या पातळीच्या आत, पुढे आलेला फुगीर गोलवा ठेवला. या गोलव्यामुळे जहाजापुढे उठणारी लाट कमी होते आणि पाण्याचा विरोध घटतो. शिवाय तिची यंत्रणा टर्बो-इलेक्ट्रिक होती. म्हणजे वाफेच्या टर्बाइननी वीज तयार करायची आणि त्या विजेवरच्या मोटारींनी पंखे फिरवायचे. क्वीन मेरीत टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये जुन्या वळणाचे दंतचक्रांचे गिअर होते. जवळजवळ तेवढाच वेग गाठायला नॉर्मंडीला क्वीन मेरीपेक्षा कमी शक्ती लागे. युर्केविचने आपली कल्पना आधी क्वीन मेरीच्या मालकांना, म्हणजे क्यूनार्ड कंपनीलाही दाखवली होती. त्यांना ती फारच धाडसी वाटली आणि त्यांनी नको म्हटलं.

म्हणजे अभियंत्याने कौल दिला तर नॉर्मंडी जिंकली. (पहिल्या मोसमात तिच्या मागच्या भागात भयंकर थरथर व्हायची, पण पंखे बदलल्यावर ती बरीच कमी झाली.) सौंदर्याच्या बाबतीतही तीच सरस. तिच्या धुराड्यांचे मार्ग जहाजाच्या मधून न नेता दोन्ही कडांनी वर नेले होते, त्यामुळे मधले दिवाणखाने एकामागून एक मोकळे मिळाले. पहिल्या वर्गाचा भोजनकक्ष ९३ मीटर लांब होता, व्हर्सायच्या आरसेमहालापेक्षाही लांब. त्याला खिडकी एकही नाही. लालीकच्या काचेच्या उजळलेल्या खांबांचा प्रकाश, वातानुकूलन, आणि एका वेळी जेवायला ७०० माणसं.

तरीही पैशाच्या हिशेबात जिंकली क्वीन मेरी. नॉर्मंडी अनेकदा साठ टक्केसुद्धा भरत नसे आणि तिला सरकारी मदतीवर चालावं लागे. असं का व्हावं?

उत्तर सापडतं ते प्रवाशांच्या वर्गवारीत. नॉर्मंडीत १,९७२ प्रवाशांची सोय होती: पहिल्या वर्गाचे ८४८, टूरिस्ट वर्गाचे ६७० आणि तिसऱ्या वर्गाचे ४५४. क्वीन मेरीत २,१३९: पहिल्या वर्गाचे ७७६, टूरिस्टचे ७८४ आणि तिसऱ्याचे ५७९. नॉर्मंडीचे ४३ टक्के प्रवासी पहिल्या वर्गाचे, क्वीन मेरीचे ३६ टक्के. आणि जागेचा हिशेब तर याहून एकतर्फी होता. नॉर्मंडीचा सगळा मोक्याचा मधला भाग पहिल्या वर्गाला दिला होता.

त्या काळात नेमकी गिऱ्हाइकाची जात बदलत होती. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातल्या. ज्या स्थलांतरितांच्या जिवावर बोटीच्या कंपन्या मोठ्या झाल्या ते येणंच कमी झालं. रिकाम्या जागा भरायला कंपन्यांनी 'टूरिस्ट' वर्ग काढला. शिक्षक, विद्यार्थी, सुट्टीत युरोप पाहायला निघालेली मध्यमवर्गीय अमेरिकन मंडळी हे त्याचे प्रवासी. वर १९२९ ची महामंदी. श्रीमंतांची संख्या घटत होती आणि नॉर्मंडी बांधली होती त्यांच्यासाठी. क्वीन मेरीवर 'जुन्या वळणाची' म्हणून टीका झाली खरी, पण तिच्यात मध्यमवर्गीयाला बरी जागा मिळे.

मंदीचा फटका क्वीन मेरीलाही बसला होता बरं का. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या गोदीत डिसेंबर १९३१ मध्ये तिचं काम थांबलं. हजारो कामगार घरी बसले. गावाच्या डोक्यावर तो अर्धवट सांगाडा एप्रिल १९३४ पर्यंत तसाच उभा होता. नाव नाही, नुसता '५३४' हा क्रमांक. शेवटी ब्रिटिश सरकारने साडेनऊ लाख नव्हे, साडेनऊ दशलक्ष पौंडांचं कर्ज मंजूर केलं, पण अट घातली की क्यूनार्डने 'व्हाइट स्टार' या प्रतिस्पर्धी कंपनीशी एकत्र यावं. (व्हाइट स्टार म्हणजे 'टायटॅनिक'वाले.)

आता एक गणित, कारण त्याशिवाय मला राहवत नाही. टनेजला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी जागा किती हे ढोबळमानाने कळतं. नॉर्मंडी: सुमारे ४२. क्वीन मेरी: सुमारे ३८. २०२४ मध्ये निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' हे २,४८,६६३ टनांचं धूड, एका केबिनमध्ये दोघे धरले तर ५,६१० प्रवाशांचं: सुमारे ४४. (१९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर टनेज मोजण्याची रीत बदलली, तेव्हा ही तुलना काटेकोर नाही.) आकडे पाहून वाटेल की फार फरक नाही. पण सरासरी लबाड असते. नॉर्मंडीच्या ४२ मध्ये त्या ९३ मीटरच्या भोजनकक्षाचं आकारमानही मोजलं होतं, आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला त्यात पाऊल टाकायची मुभा नव्हती.

तेव्हा तुम्हीही दोन जहाजांचा तक्ता करत असाल तर एक रकाना वाढवा: हे जहाज बांधलंय कुणासाठी? आजच्याही काही जहाजांवर महागड्या स्वीटवाल्यांचा तलाव वेगळा, रेस्टॉरंट वेगळं, डेक वेगळं असतं. माहितीपत्रकात सगळं एकत्र छापलेलं असतं. आपल्या तिकिटावर त्यातलं काय उघडतं ते आधी विचारावं. आणि जहाज कुठल्या पाण्यासाठी बांधलंय तेही पाहावं. नॉर्मंडीने फेब्रुवारी १९३८ मध्ये न्यूयॉर्कहून रिओ द जानेरोची खास क्रूझ केली, पुढच्या वर्षी पुन्हा केली. क्वीन मेरी मात्र थंड उत्तर अटलांटिकसाठी घडवलेली. म्हातारपणी तिलाही क्रूझवर धाडलं, तेव्हा उष्ण हवेत तिचं अपुरं वातानुकूलन जाणवू लागलं.

या दोघींचा शेवट मात्र कुठल्याच तक्त्यातून कळला नसता. युद्ध सुरू झालं तेव्हा दोघी न्यूयॉर्कला आश्रयाला आल्या आणि काही महिने शेजारी शेजारी उभ्या होत्या. मार्च १९४० मध्ये क्वीन मेरी सैनिक वाहायला निघून गेली. जुलै १९४३ मध्ये तिने एकाच फेरीत १६,६८३ माणसं नेली. नॉर्मंडी अमेरिकेने डिसेंबर १९४१ मध्ये ताब्यात घेतली. तिचं सैनिकी जहाज करण्याचं काम घाईघाईने चालू असताना ९ फेब्रुवारी १९४२ रोजी कामाच्या ज्योतीची ठिणगी लाइफजॅकेटांच्या ढिगावर पडली. नॉर्मंडीची आग विझवण्याची यंत्रणा उत्तम होती, पण या कामासाठी ती तोडून ठेवली होती. न्यूयॉर्कच्या बंबांचे पाइप तिच्या फ्रेंच जोडण्यांना बसेनात. (दोन सिस्टिम्सचे इंटरफेस न जुळणं म्हणजे काय, हे यापेक्षा भीषण रीतीने कुणी दाखवलं नसेल.) मग बाहेरून पाण्याचा मारा सुरू झाला. ते पाणी वरच्या मजल्यांवर साठून बोट कलू लागली. युर्केविच तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होता. तो धक्क्यावर धावला. तळाच्या झडपा उघडा, बोट सरळ खाली बसेल, असं त्याचं म्हणणं होतं. ते कुणी मानलं नाही. रात्री पावणेतीनच्या सुमारास नॉर्मंडी कुशीवर कोसळली. युद्धानंतर ती भंगारात गेली.

तिचा फुगीर गोलवा मात्र आज बहुतेक मोठ्या जहाजांच्या नाळेखाली आहे, आणि आजची मोठी क्रूझ जहाजंही पंखे विजेच्या मोटारींनीच फिरवतात. तिच्या भोजनकक्षाची काशाची दारं ब्रुकलिनच्या एका चर्चला लागली आहेत.

क्वीन मेरीची शेवटची सफर १९६७ मध्ये झाली. साउदॅम्प्टनहून कॅलिफोर्नियाला जायचं तर जवळचा रस्ता पनामा कालव्याचा, पण तिची रुंदी त्यात मावत नव्हती. ती दक्षिण अमेरिकेला वळसा घालून लाँग बीचला पोहोचली. तिथे ती हॉटेल आणि संग्रहालय म्हणून उभी आहे. कुणाचं तिकडे जाणं झालंच तर पहिल्या वर्गाच्या भोजनकक्षातला भिंतीवरचा अटलांटिकचा नकाशा जरूर पाहा. बोट कुठवर आली हे प्रवाशांना कळावं म्हणून त्यावरून एक छोटी स्फटिकाची बोट पुढे सरकत असे. तो पाहून झाला की तिसऱ्या वर्गाचे लोक कुठे राहायचे ते विचारा, आणि पार नाळेच्या टोकापर्यंत चालत जा. वादळात सगळ्यात जास्त वरखाली होणारी जागा तीच.