बीडी आणि मोह : महाकोशलच्या जंगलातील जोडी

जबलपूर : सिगार आणि वाइन यांचा मेळ पाश्चात्त्य मेजवान्यांत चर्चिला जातो. महाकोशलात त्याचे देशी रूप बीडी आणि मोहाची दारू या जोडीत दिसते. दोहोंचा कच्चा माल एकाच जंगलातला. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात, पाठोपाठ तेंदूपाने तोडली जातात. ५० पानांचा एक पुडा, अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी मोजली जाते.

विसाव्या शतकात जबलपूर बीडी उद्योगाचे मोठे केंद्र ठरले. विदर्भात गोंदिया-भंडाऱ्यातही तो रुजला. मध्य प्रदेशात तेंदूपत्त्याचा व्यापार १९६४च्या कायद्याने सरकारच्या हाती गेला. १९६६चा केंद्रीय कायदा बीडी आणि सिगार या दोन्ही क्षेत्रांतील कामगारांना लागू झाला. आदिवासींना घरगुती वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मर्यादित सवलत राज्यात आहे.

ही जोडी हजारो कुटुंबांची उपजीविका असली, तरी आरोग्यास घातक आहे. तंबाखू आणि मद्य एकत्र सेवन केल्यास तोंड व घशाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या स्वतंत्र धोक्यांच्या बेरजेहूनही अधिक वाढतो. सिगार-वाइनलाही हाच नियम लागू आहे.