आबांचं इमान

आबा विमानाला इमान म्हणायचे. ज्वारीच्या ताटाचं सालटं काढायचं, आतल्या पांढऱ्या भेंडाचे बोटभर तुकडे करायचे, सालटाच्याच काड्या टोचून त्यांना पंख लावायचे. की झाली ओसरीवर लढाई सुरू. एक इमान जपान्याचं, एक चिन्याचं. जपान्याच्या इमानाला पंखांची एकच जोडी, चिन्याच्या इमानाला एकावर एक दोन. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "त्याचं जुनं व्हतं."

चिन्या दर वेळी हरायचा. आम्ही पोरं रडकुंडीला यायचो, एकदा तरी त्याला जिंकू द्या म्हणायचो. आबा मान हलवायचे. "म्या बघितलंय लेका. बघितलेलं कसं बदलू?"

आतून चुलीपाशी बसलेल्या आजीचा आवाज यायचा, "बीडाच्या भाईर पाऊल टाकलं न्हाई, अन् म्हणं चीन बघितला!"

चीन त्यांनी पाहिला होता तो तंबूत. महाशिवरात्रीला बीडात कंकालेश्वराची जत्रा भरते. बैलगाडी जुंपून घरचे सगळे जत्रेला गेलेले असताना आबा रात्री एकटेच सटकले आणि व्ही. शांतारामांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' बघून आले. चित्रपट १९४६चा, आबांनी पाहिला तो बऱ्याच उशिरा, रिळं झिजून पाऊस पडायला लागल्यावर. त्यांच्या लेखी तो 'सोलापूरच्या डागदराचा शिनिमा'. म्हणजे आपल्या शेजारचाच माणूस. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला निघालेल्या वैद्यकीय पथकाबरोबर द्वारकानाथ कोटणीस १ सप्टेंबर १९३८ला मुंबईहून बोटीत बसले. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. हांको, चुंगकिंग करत ते येनानला पोचले. कोटणीसांनी चीनमध्येच क्वो चिंगलानशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं इन्हुआ, म्हणजे भारत-चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले.

पण हवाई लढाई? तंबूत मुख्य खेळाआधी कधी कधी जुन्या युद्धबातम्यांची रिळं फिरवत. त्यातलं काहीतरी डोळ्यांत राहिलं आणि आबांनी ते कोटणीसांच्या गोष्टीला जोडून दिलं, असा माझा अंदाज आहे.

कारण चिन्याचं विमान खरंच दोन मजली होतं. हे मला आबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. १३ सप्टेंबर १९४०. चुंगकिंग तेव्हा चीनची राजधानी आणि जपानी बॉम्बफेकीचं नेहमीचं लक्ष्य. त्या दिवशी बॉम्बफेकी विमानांच्या सोबतीला तेरा झिरो होती. झिरो हे जपानी नौदलाचं अगदी नवं लढाऊ विमान, हवाई लढतीत पहिल्यांदाच उतरलेलं. बॉम्ब टाकून जपानी निघून गेल्यासारखे दिसले. चिनी वैमानिक परत वर आले, तीसेक विमानं घेऊन. सगळी रशियन बनावटीची; काही एकपंखी, आणि बरीचशी एकावर एक पंखांची आय-१५. झिरो उलट फिरली. अर्ध्या तासाच्या आसपास ती लढाई चालली. चिन्यांची तेरा विमानं पडली, आणखी कितीतरी पोळून निघाली. जपान्यांचं एकही पडलं नाही. आबांच्या ओसरीवर चिन्या का जिंकत नव्हता, ते मला पुस्तकात सापडलं. कोटणीस मात्र त्या दिवशी चुंगकिंगला नव्हते, ते कधीच उत्तरेला गेले होते. आबांची सांधेजोड तिथे उसवते.

एक सांधा मात्र असा आहे, की जो आबांनाही माहीत नव्हता. महायुद्धातलं त्यांना काय आठवायचं, तर लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली. गिरदावर आला की अंगणातलं पेव उघडायचं. वरचा दगड सरकवला की आतून उबट, आंबूस वाफ यायची, ती निवेपर्यंत कुणी आत उतरायचं नाही. मग कंदील सोडून बघायचं, आणि पाट्या भरभरून ज्वारी वर काढायची. "ज्वारी आमची अन् लढाई इंग्रजाची," आबा म्हणायचे, तेही दर वेळी त्याच रागात. बीड तेव्हा निजामाचं. मीर उस्मान अली खानांना इंग्रजांनी 'यार-ए-वफादार' असा किताब दिला होता, आणि ती वफादारी रोखीतली होती. त्यांच्या देणगीवरून ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'हैदराबाद' हे नाव मिळालं. तिच्या चिन्हावर निजामाची दस्तार. या स्क्वाड्रनची स्पिटफायर विमानं १९४०मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मनांशी लढली, आणि १९४३च्या अखेरीस इकडे येऊन ब्रह्मदेशाच्या आकाशात जपान्यांशी. निजामाची तिजोरी काही आभाळातून भरत नव्हती. मराठवाड्याचा शेतसाराही तिच्यातच जात होता. तेव्हा जपान्याशी लढणाऱ्या एखाद्या विमानाचा एखादा खिळा आमच्या रानातला होता असं मी म्हटलं, तर हिशेबनीस हसतील. हसू देत.

आबांच्या बोलण्यात पुढचा काळ मागच्यात मिसळायचा. चिन्या-जपान्याची लढाई संपते न संपते तोच १९४८ सुरू व्हायचं. निजामाच्या बाजूच्या रझाकारांची भीती, गावाबाहेर रानात काढलेल्या रात्री, आणि डोक्यावरून जाणारी घरघर. "बिनदिव्याचं इमान," ते म्हणायचे. म्हातारपणीची भर, असं मी धरून चाललो होतो. पण सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन त्या वर्षी कराचीहून रात्रीची विमानं भरभरून निजामाला हत्यारं पोचवत होता. ती बीदर, वरंगलच्या धावपट्ट्यांवर उतरत. घरातल्या शाळेच्या नकाशावर मी कराची आणि बीदरवर टाचण्या टोचून दोरा ताणला. तो बीडवरूनच गेला. विमानं दोऱ्यासारखी सरळ जात नाहीत, हे मलाही कळतं. तरी दोरा मी बराच वेळ काढला नाही.

१३ सप्टेंबरला, गणपतीच्या दिवसांत, निजामाविरुद्ध भारताची पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ला निजामाने हात टेकले. चुंगकिंगच्या लढाईचीही तारीख तीच, वर्षं फक्त आठ आधीची. आबांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, मंग, सांगतच व्हतो की!

एकदा मी त्यांना म्हटलं होतं, आबा, ते रात्रीचं इमान करा ना. पुढ्यात भेंडाचा ढीग, हातात विळा. त्यांनी एक तुकडा उचलला, उलटापालटा केला आणि खाली ठेवला.

"ते दिसलंच न्हाई कधी," ते म्हणाले. "नुसतं ऐकलंय. त्याला पंख किती लावू?"