नियोक्त्याने भरलेला आरोग्यविमा हप्ता आणि करसवलत : अमेरिकेतील उगमाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नियोक्ता आपल्या कर्मचाऱ्याच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरतो, तेव्हा ती रक्कम कर्मचाऱ्याचे वेतन मानावी काय? वरवर पाहता हा प्रश्न केवळ हिशेबाचा वाटतो. तथापि अमेरिकेने १९४३ साली प्रशासकीय पातळीवर आणि १९५४ साली कायद्याने त्याला ‘नाही’ असे उत्तर दिले व त्यातून त्या देशातील आरोग्यसंरक्षण नोकरीशी बांधले गेले. प्रस्तुत लेखात या सवलतीचा उगम व परिणाम यांचा विचार केला असून, अखेरीस भारतीय आयकर कायद्यातील तत्सम तरतुदींशी तिची तुलना केली आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील आधुनिक रुग्णालय विम्याचा आरंभ शिक्षकांपासून झाला. १९२९ साली डॅलस येथील बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचे प्रशासन पाहणाऱ्या जस्टिन फोर्ड किंबॉल यांनी शहरातील शालेय शिक्षकांसाठी एक योजना आखली. दरमहा ५० सेंट भरणाऱ्या शिक्षकाला वर्षाकाठी २१ दिवसांची रुग्णालयीन सेवा मिळे. पुढे नावारूपास आलेल्या ‘ब्लू क्रॉस’ योजनांचे मूळ येथे आहे. हा हप्ता शिक्षक स्वतःच्या वेतनातून भरत असत, ही बाब लक्षणीय होय. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात आरोग्यविम्याचा समावेश झाला नाही. परिणामी १९४० च्या सुमारास दहांपैकी जेमतेम एका नागरिकाकडे असा विमा होता.

युद्धकालीन निर्णय

दुसऱ्या महायुद्धात मनुष्यबळाची टंचाई निर्माण झाली आणि भाववाढीचे संकट उभे राहिले. २ ऑक्टोबर १९४२ च्या स्थिरीकरण कायद्याने व दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशाने वेतनवाढीवर नियंत्रण आले. मात्र वाजवी मर्यादेतील विमा व निवृत्तिवेतनाचे लाभ कायद्याने वेतनाच्या व्याख्येतून वगळले होते. वेतन वाढवता येत नसले तरी विमा देऊन कामगार टिकवता येत होता. त्याच वर्षीच्या महसूल कायद्याने जादा नफ्यावरील कराचा दर ९० टक्क्यांपर्यंत नेला होता. त्यामुळे खर्च म्हणून वजा होणारा विमाहप्ता कारखानदाराला स्वस्तात पडे. ऑक्टोबर १९४३ मध्ये करखात्याने असा निर्णय दिला की, नियोक्त्याने समूह विम्यासाठी भरलेली रक्कम कर्मचाऱ्याचे करपात्र उत्पन्न ठरत नाही.

हा सारा युद्धकालीन योगायोग होता, असे अनेकदा सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. विम्याचा खरा विस्तार युद्धोत्तर काळातही वेगाने होत राहिला. १९४५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मांडलेली राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना संसदेत पुढे सरकली नाही. १९४८ च्या ‘इनलँड स्टील’ खटल्यात निवृत्तिवेतन हा सामूहिक वाटाघाटीचा विषय ठरला आणि कामगार संघटनांनी विम्याची मागणीही त्याच मार्गाने लावून धरली. पुढे १९५३ साली करखात्याच्या एका निर्णयाने वैयक्तिक पॉलिसींच्या बाबतीत संदिग्धता निर्माण केली. ती १९५४ च्या महसूल संहितेतील कलम १०६ ने दूर झाली. युद्धाने दार उघडले. ते कायमचे उघडे ठेवण्याचे काम संघटना, विमा कंपन्या व संसद यांनी केले.

सवलतीचे स्वरूप व परिणाम

या सवलतीसाठी कर्मचाऱ्याला कोणताही दावा करावा लागत नाही. रक्कम उत्पन्नात धरलीच जात नसल्याने सवलत नजरेआड राहते. शिवाय तिचा लाभ असमान असतो. हप्ता १,००० डॉलर असल्यास ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे ३०० डॉलर वाचतात, तर १० टक्के दराच्या कर्मचाऱ्याचे केवळ १००. नोकरी सुटली की सवलतही सुटते. स्वयंरोजगारितांना १९८६ च्या कायद्याने २५ टक्के हप्त्याची वजावट मिळाली. संपूर्ण हप्त्यासाठी त्यांना २००३ पर्यंत थांबावे लागले. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याने महागड्या विमा योजनांवर ४० टक्के कर प्रस्तावित केला होता. परंतु तो वारंवार लांबणीवर पडून डिसेंबर २०१९ मध्ये, एकदाही वसूल न होता, रद्द झाला. रुजलेली सवलत काढून घेणे किती कठीण असते, याचा हा पुरावाच होय.

भारतीय संदर्भ

भारतात १९६१ च्या आयकर कायद्यात १९८६ साली कलम ८०-ड समाविष्ट झाले. ही वजावट स्वतः हप्ता भरणाऱ्यास मिळे. नियोक्त्याने भरलेल्या हप्त्यावर कर्मचाऱ्यास ती मागता येत नसे. मात्र कलम १७(२) अन्वये ती रक्कम त्याच्या करपात्र लाभांत धरली जात नसे. वेतनातून कापलेला हिस्सा तेवढा वजावटीस पात्र होता. २०२०-२१ पासून आलेल्या पर्यायी कररचनेने या दोन वाटांमधील अंतर वाढवले. त्या रचनेत कलम ८०-ड ची वजावट गेली, परंतु नियोक्त्याने भरलेला हप्ता करमुक्तच राहिला. म्हणजे सवलत टिकली ती संघटित नोकरदाराची. पदरमोड करून विमा घेणाऱ्याने ती गमावली.

निष्कर्ष

अमेरिकेचा इतिहास असे दर्शवितो की, करकायद्यातील एक लहानशी व्याख्या समाजातील संरक्षणाची वाटणी ठरवू शकते. डॅलसच्या शिक्षकांना मिळालेले संरक्षण त्यांच्या स्वतःच्या वर्गणीवर उभे होते. नंतरच्या धोरणाने ते नियोक्त्याच्या हाती सोपवले. आपल्या महाविद्यालयांत नियमित प्राध्यापकांशेजारीच तासिका तत्त्वावर काम करणारे अध्यापकही शिकवतात. ज्यांचा हप्ता भरणारा कोणी नियोक्ता नाही, त्यांना या सवलतीचा लाभ कोणत्या मार्गाने पोहोचणार, या प्रश्नाचा विचार करधोरणाच्या अभ्यासकांनी प्राधान्याने करणे आवश्यक आहे.