न मिटलेला वाद : पुंजयामिकीच्या अर्थाची कहाणी

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसांनी भौतिकशास्त्रावर बोलायला उभे राहावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. त्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की, आजचा विषय केवळ गणिताचा नाही. क्वांटम मेकॅनिक्सच्या, म्हणजे पुंजयामिकीच्या, गणिताबद्दल तज्ज्ञांत फारसे भांडण नाहीच. भांडण आहे ते त्या गणिताचा अर्थ काय याचे, आणि तो अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाचा याचे. हा प्रकार आमच्या ओळखीचा आहे. करारातले कलम दोन्ही पक्षांना मान्य असते, त्याखाली दोघांच्या सह्या असतात, आणि तरीही त्याच्या अर्थावरून वर्षानुवर्षे तंटा चालतो.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. तापलेल्या वस्तूंतून निघणाऱ्या प्रकाशाचा हिशेब जुळत नव्हता. तो जुळवण्यासाठी माक्स प्लांक यांनी १९०० साली बर्लिनमध्ये असे गृहीत धरले की, ऊर्जेची देवघेव अखंड धारेने होत नाही, ठराविक पुड्यांनी होते. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी प्रकाशच अशा पुंजांचा असल्याचे मांडले. १९१३ साली नील्स बोर यांनी अणूची रचना याच कल्पनेवर उभी केली. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बसू यांनी आइन्स्टाइनना पाठवलेला निबंध याच साखळीतला. मग १९२५ साली हायझेनबर्ग आणि १९२६ साली श्रोडिंगर यांनी दोन निरनिराळ्या वाटांनी पुरे गणित रचले, आणि दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात असे दिसून आले. ट्रान्झिस्टर आणि लेसर या गणिताच्या पायावर उभे आहेत.

मग तंटा कसला? श्रोडिंगरच्या समीकरणात एक लाट आहे. ती लाट कशाची, याचे उत्तर माक्स बोर्न यांनी १९२६ साली दिले : ती संभाव्यतेची. इलेक्ट्रॉन येथे सापडण्याचा संभव किती, तेथे सापडण्याचा किती, एवढेच ती सांगते. येथे कोणीही शहाणा माणूस विचारील की, मोजमाप करण्यापूर्वी तो इलेक्ट्रॉन होता तरी कोठे? बोर आणि त्यांच्या कोपनहेगनच्या परिवाराचे म्हणणे असे की, ज्या उपकरणाने मोजायचे ते बाजूला ठेवून या प्रश्नाला अर्थच उरत नाही. हे म्हणणे वेडगळ नव्हते. मोजण्याच्या रीती परस्परांना छेद देतात, एक केली की दुसरीला जागा राहत नाही, हे त्यांनी बारकाईने दाखवले होते. आइन्स्टाइनचे म्हणणे असे की, सिद्धांत बरोबर असला तरी अपुरा आहे. जगाबद्दल अजून सांगायचे राहिले आहे.

ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रुसेल्स येथे पाचवी सॉल्वे परिषद भरली. तेथे फ्रान्सचे लुई द ब्रॉय यांनी तिसरा मार्ग सुचवला. लाटही खरी आणि कणही खरा. लाट ही वाटाड्या, आणि कण तिने दाखवलेल्या वाटेने जातो. पाउली यांनी आक्षेप घेतले, द ब्रॉय यांना त्यांचे समाधानकारक निरसन करता आले नाही, आणि थोड्याच काळात त्यांनी स्वतःची कल्पना सोडून दिली. १९३२ साली फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने आपल्या ग्रंथात एक सिद्धता दिली. तिचा अर्थ असा घेतला गेला की, लाटेच्या पाठीमागे काही दडलेले कारण असूच शकत नाही. झाले! कोणी प्रश्न काढला की या सिद्धतेकडे बोट दाखवायचे, असा प्रघात पडला.

या सिद्धतेत एक गाळलेली पायरी आहे, हे १९३५ सालीच दाखवून दिले गेले होते. ते दाखवणारी स्त्री होती. ग्रेटे हेर्मान ही गणितज्ञ एमी नोएथर यांची विद्यार्थिनी, तत्त्वज्ञानाची अभ्यासक आणि हिटलरशाहीविरुद्ध लढणाऱ्या एका समाजवादी गटातली कार्यकर्ती. फॉन नॉयमन यांनी जे सिद्ध करायचे तेच आडवाटेने गृहीत धरले आहे, हा तिचा मुद्दा होता. तिचा निबंध तत्त्वज्ञानाच्या एका अल्पपरिचित नियतकालिकात आला आणि तेथेच पडून राहिला. पुढे तिला जर्मनी सोडावी लागली.

त्याच वर्षी आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा निबंध आला. एकत्र जन्मलेल्या कणांची जोडी दूर नेली आणि एकावर मोजमाप केले, तर दुसऱ्याबद्दल आपल्याला तत्काळ खात्रीने सांगता येते. मग ती गोष्ट दुसऱ्या कणापाशी आधीपासूनच ठरलेली असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. बोर यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी ते उत्तर नीट न वाचताच वाद मिटला असे धरले आणि ते आपापल्या कामाला लागले.

आता ज्याच्यासाठी आम्ही हा विषय घेतला त्या माणसाकडे वळतो. डेव्हिड बोम हे नाव आपल्यापैकी अनेकांनी जे. कृष्णमूर्तींशी झालेल्या त्यांच्या संवादांमुळे ऐकले असेल. आम्हाला ते दुसऱ्या बाजूने भेटले. १९१७ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी या कोळसा खाणींच्या गावात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे फर्निचरचे दुकान होते. बर्कली येथे ओपेनहायमर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच काळात ते काही महिने कम्युनिस्ट पक्षात होते, आणि तेथल्या रेडिएशन लॅबोरेटरीत शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांच्या संघाची शाखा उभी करण्याला त्यांनी हातभार लावला होता. युद्ध संपल्यावर या गोष्टीचा हिशेब मागितला गेला. १९४९ साली अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्यांना बोलावण्यात आले. सहकाऱ्यांविरुद्ध बोलण्यास त्यांनी घटनेचा आधार घेऊन नकार दिला. डिसेंबर १९५० मध्ये समितीच्या अवमानाबद्दल त्यांना अटक झाली, आणि ज्या प्रिन्स्टन विद्यापीठात ते शिकवत होते त्याने त्यांना निलंबित केले. मे १९५१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. विद्यापीठाने त्यांचा करार पुढे चालू केला नाही.

न्यायालयात सुटायचे आणि नोकरीतून जायचे, हा अनुभव आमच्या किती सोबत्यांना आला आहे ते सांगायला नको. पण हा माणूस त्या दिवसांत काय करत होता ते पाहा. १९५१ साली त्यांचे पुंजयामिकीवरचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी बोरचीच बाजू नेकीने मांडली होती. ती मांडता मांडता त्यांचेच समाधान होईना. आइन्स्टाइनशी चर्चा झाली, आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी दोन निबंध लिहून पाठवले. जानेवारी १९५२ मध्ये ते ‘फिजिकल रिव्ह्यू’त छापून आले, तेव्हा बोम ब्राझीलमध्ये साओ पावलोला होते. अमेरिकेच्या वकिलातीने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला होता. १९५४ साली त्यांनी ब्राझीलचे नागरिकत्व घेतले. पुढे इस्राएल, मग इंग्लंड.

या निबंधांत काय होते? द ब्रॉय यांची टाकून दिलेली वाटाड्या लाट पुन्हा उभी केली होती, आणि या वेळी आक्षेपांची उत्तरेही दिली होती. कण सदैव कोठेतरी असतोच. तो प्रारंभी नेमका कोठे होता हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून आपल्या हाती फक्त संभाव्यता येते. हिशेब केला तर उत्तरे प्रचलित पुंजयामिकीसारखीच. अर्थात्, जे असणे अशक्य म्हणून वीस वर्षे शिकवले गेले ते समोर कागदावर होते.

त्याचे स्वागत कसे झाले? पाउली यांनी टीका केली. स्वतः आइन्स्टाइनना हा मार्ग फार स्वस्तातला वाटला; तसे त्यांनी १९५२ साली बोर्न यांना कळवले. बोरचे निकटचे सहकारी लेऑन रोझेनफेल्ड तुटून पडले. आणि हे रोझेनफेल्ड तर स्वतः मार्क्सवादी! म्हणून उजवे एका बाजूला आणि डावे दुसऱ्या बाजूला अशी सोपी फळी कोणी मांडू नये. उलट, १९४८ सालापासून सोव्हिएत रशियात बोरच्या मताला ‘भाववादी’ ठरवून त्यावर वरून हल्ला चढवला गेला, आणि फोक यांच्यासारख्या रशियन शास्त्रज्ञाने तरीही बोरची पाठराखण केली. एका देशात मताला पक्षाचा शिक्का लागला, दुसऱ्या देशात माणसाला. दोन्हीकडे प्रश्न मात्र तसाच राहिला.

पण छापलेला कागद कोठे जाऊन पोहोचेल ते सांगता येत नाही. बोमचे निबंध जॉन बेल नावाच्या एका तरुणाने वाचले. बेल बेलफास्टचा, साध्या घरातला. चार भावंडांत चौदा वर्षांनंतर शाळेत राहू शकलेला तो एकटाच. सोळाव्या वर्षी शाळा संपली तेव्हा कॉलेजात जायला पैसे नव्हते, म्हणून क्वीन्स विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात त्याने वर्षभर मदतनीसाचे काम केले. तेथल्या प्राध्यापकांनी त्याला पुस्तके दिली, वर्गात बसू दिले. पुढे त्याच विभागात तो विद्यार्थी म्हणून दाखल झाला. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत त्याची नोकरी वेगळ्याच कामाची होती. अर्थाचा हा प्रश्न त्याने फावल्या वेळात जपला. बोमच्या मांडणीत एक अवघड गोष्ट त्याला दिसली : दूरवरचे कण एकमेकांशी तत्क्षणी बांधलेले राहतात. हा बोमचाच दोष, की कोणालाच चुकणार नाही? १९६४ साली त्याने उत्तर दिले.

ते उत्तर आमच्या भाषेत सांगतो. दोन साक्षीदार दोन वेगळ्या खोल्यांत बसवले आहेत. तीन ठरलेल्या प्रश्नांपैकी कोणताही एक प्रत्येकाला विचारायचा. उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. कोणता विचारायचा हे ते खोलीत गेल्यावर चिठ्ठी टाकून ठरवायचे. हजारो वेळा असे केले आणि आढळले की, दोघांना एकच प्रश्न आला की उत्तर न चुकता सारखे येते. आपण लगेच म्हणू, साक्षीदार पढवलेले आहेत. आता पढवलेल्या साक्षीचा हिशेब पाहा. प्रश्न तीन, उत्तरे दोनच प्रकारची. तेव्हा निदान दोन प्रश्नांची उत्तरे सारखी असणारच. तीन प्रश्नांच्या जोड्याही तीनच होतात, म्हणजे त्यांपैकी निदान एका जोडीत उत्तरे जुळलीच पाहिजेत. म्हणून दोघांना भिन्न प्रश्न विचारले, तर उत्तरे जुळण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या खाली जाणार नाही, मग पढवणारा वकील कितीही हुशार असो. साक्षीदारांच्या जागी प्रकाशकण आणि प्रश्नांच्या जागी साठ-साठ अंशांच्या अंतराने मोजण्याच्या तीन दिशा घ्या. पुंजयामिकी सांगते की, हे प्रमाण एक-चतुर्थांश येईल. पढवलेल्या साक्षीदारांना हे जमणे शक्य नाही.

तीस वर्षे ज्याला निव्वळ तत्त्वचर्चा म्हणून बाजूला सारले होते, ते आता प्रयोगशाळेत मोजता येणार होते. प्रत्यक्ष प्रयोगांतले कोन आणि सूत्रे निराळी होती, गाभा हाच. १९७२ साली बर्कलीत स्टुअर्ट फ्रीडमन आणि जॉन क्लाउझर यांनी पहिला प्रयोग केला. पुंजयामिकी हरेल अशी क्लाउझरची अपेक्षा होती. ती जिंकली, आणि त्यांनी तसेच छापले. १९८२ साली पॅरिसजवळ ओर्से येथे आलँ आस्पे यांनी कण वाटेत असतानाच ‘प्रश्न’ बदलण्याची सोय केली. २०१५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे एक किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या दोन प्रयोगशाळांत, आणि त्याच वर्षी व्हिएन्ना व अमेरिकेतील बोल्डर येथे, उरलेल्या प्रमुख पळवाटा बुजवल्या गेल्या. २०२२ चे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना मिळाले. बेल १९९० साली वारले होते, बोम १९९२ साली.

येथे दोन गैरसमजांपासून श्रोत्यांना सावध करणे अवश्य आहे. बोम खोटे ठरले, असे या प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. त्यांचे साक्षीदार पढवलेले नसून अंतर ओलांडून बांधलेले आहेत, आणि ती वाट अजून मोकळी आहे. तसेच मनाने जग घडते किंवा विचाराने रोग बरा होतो, असेही काही सिद्ध झालेले नाही. या बंधनातून एक साधा निरोपसुद्धा धाडता येत नाही. ‘क्वांटम’ हा शब्द लावून ताईत विकणारे आज गावोगाव दिसतात. त्यांच्या मालाचा या शास्त्राशी काडीचा संबंध नाही.

आज अर्थ अनेक आहेत. १९५७ साली ह्यू एव्हरेट यांनी सर्व शक्यता प्रत्यक्षात घडतात अशी मांडणी केली. १९८६ साली इटलीतील तिघांनी लाट आपोआप कोसळते असे समीकरणच सुचवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वीरेंद्र सिंग आणि एस. एम. रॉय यांनी बेल व बोम यांच्या मार्गावर मोलाचे काम केले. २०२५ साली, पुंजयामिकीच्या शताब्दीच्या वर्षी, हजाराहून अधिक भौतिकशास्त्रज्ञांची मते विचारली गेली. कोपनहेगनच्या बाजूला सर्वांत जास्त मते पडली, पण ती निम्म्याहून कमी होती.

आम्ही मतदानावर श्रद्धा ठेवणारी माणसे आहोत. संप करावा की नाही, हे मतांनीच ठरले पाहिजे. पण निसर्गाचा निवाडा मतांनी होत नाही. आणि ज्या सभेत अल्पमताला बोलूच दिले जात नाही, त्या सभेच्या बहुमताला आमच्या लेखीही किंमत नाही. हेर्मानचा निबंध वेळीच वाचला गेला असता, तर ‘अशक्य’ हा शब्द इतकी वर्षे टिकता ना. बोमना घालवून दिले म्हणून त्यांचे समीकरण खोटे झाले नाही, आणि त्यांचा छळ झाला म्हणून ते खरेही ठरत नाही. त्याची छाननी करणारा कोणीतरी हवा होता. तो बेलफास्टच्या एका मदतनीसाच्या रूपाने मिळाला, कारण कोण्या प्राध्यापकांनी त्याला वर्गात बसू दिले होते. आपल्या गावातल्या कॉलेजात एखादा मुलगा किंवा मुलगी उभी राहून ‘याचा अर्थ काय?’ असे विचारील, तर तिला खाली बसवू नका, एवढेच आमचे शिक्षकमंडळींना सांगणे आहे. आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळ्या धुणारा मुलगा दाराशी उभा राहून ऐकत असेल, तर त्यालाही आत बोलवा.