लॅट्रिगची वाट

मुरगाव बंदरात उभं असलेलं जहाज नीट पाहा. त्याच्या कुशीवर एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ दिसेल. ही प्लिमसॉल रेषा. मालाच्या हव्यासापायी जहाज बुडेपर्यंत भरू नये म्हणून सॅम्युअल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदाराने १८७६ साली ती सक्तीची करून घेतली. (रेघ कुठे मारायची हे मात्र १८९० पर्यंत जहाजमालकच ठरवत!) आपल्या तारवटींच्या घरी हे नाव ठाऊक असेल. पण हाच माणूस एका टेकडीसाठीही भांडला, ती हकीकत मला सांगायची आहे.

टेकडीचं नाव लॅट्रिग. उत्तर इंग्लंडमध्ये केझिक गावाच्या डोक्यावर, जेमतेम ३६८ मीटर उंच. शेजारचा स्किडॉ ९३१ मीटरचा, म्हणजे ही त्याचं शेंडेफळच म्हणायची. पण तासाभरात माथा गाठावा आणि खाली अख्खं डर्वेंटवॉटर तळं पाहावं, म्हणून पायी फिरणाऱ्यांची लाडकी.

जमीन स्पेडिंग नावाच्या घराण्याची. त्यांनी वरच्या वाटा अडवल्या, फाटकांना कुलपं घातली. गावातली पायवाट बचाव समिती खवळली. तिचा पुढारी होता हार्डविक रॉन्स्ली हा पाद्री. विनंत्या झाल्या, उपयोग शून्य. मग १ ऑक्टोबर १८८७ रोजी सुमारे दोन हजार माणसं अडथळे दूर सारत माथ्यावर गेली. त्यांत प्लिमसॉल होता. खासदारकी त्याने तोवर सोडली होती, भांडायची खोड नव्हे!

पुढच्या वर्षी प्रकरण कार्लाइलच्या कोर्टात गेलं. इंग्लंडच्या कायद्यात एक मोठी गोष्ट आहे: लोक वर्षानुवर्षं हक्काने, बिनहरकत चालत आले असतील, तर मालकी कोणाचीही असो, ती वाट सगळ्यांची. पण निकालाआधीच तडजोड झाली. स्पूनी ग्रीन लेनवरून माथ्याला जाणारी वाट लोकांना मिळाली, टेरेस रोड नावाच्या दुसऱ्या वाटेवरचा दावा सुटला.

अर्धाच विजय, असं कोणी म्हणेल. मला तो शहाणपणाचा वाटतो. माथा तर हाती आला! रॉन्स्लीनेही धडा घेतला असावा. १८९५ साली त्याने ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह नॅशनल ट्रस्ट स्थापन केला: वाटेसाठी भांडत बसण्यापेक्षा जमीनच लोकांच्या नावे घ्यायची. लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झालं ते १९५१ साली, टेकडीवरच्या त्या दंग्यानंतर चौसष्ट वर्षांनी.

केझिकहून लॅट्रिगला निघालेली माणसं आजही स्पूनी ग्रीन लेननेच चढतात.